पोटात राहिलेला कॅमेरा

आटपाडी डेपोच्या गाडीत राणी मेटकरी कंडक्टर असली की मागच्या सीटवरच्या माणसालासुद्धा तिकीट काढल्याशिवाय डुलकी घेता यायची नाही. गर्दी कितीही असो, ती खांद्यानं वाट काढत शेवटपर्यंत जायची, जाताजाता म्हाताऱ्यांना बसवायची, दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना आत घ्यायची आणि परत पुढं येऊन डबल बेल मारायची. अंगानं काटक, आवाज खणखणीत. सासरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सासू रंगुबाईनं तरुणपण मेंढरांमागं उघड्या माळावर काढलेलं. नवरा इंद्रजित चार मेंढरं आणि डाळिंबाची बाग सांभाळायचा. "आमच्या घरात पगाराचं माणूस हीच पयली," असं रंगुबाई आल्यागेल्याला सांगायची आणि सुनेची खाकी स्वतः इस्त्रीला टाकून यायची.

दुखणं सुरू झालं ते जेवणानंतरच्या कळांनी. बेंबीभोवती पीळ बसावा तसं व्हायचं, मग धावपळ. घरी असताना निभायचं. पण विट्याच्या पुढं गाडी भरलेली, मध्ये ना स्टँड ना आडोसा, आणि पोटात कळ उठली की राणीच्या कपाळावर घाम यायचा. ती दांडीला घट्ट धरून उभी राहायची. लोकांना वाटायचं, बाई आज रागात आहे. हळूहळू तिनं ड्युटीच्या आधी जेवणंच सोडलं. रंगुबाईनं बांधून दिलेली भाकरी संध्याकाळी तशीच परत यायची.

हे पहिल्यांदा ओळखलं ते ड्रायव्हर अश्फाक मुलाणीनं. सांगली-मिरज फेरीवर बहुतेक तोच असायचा. वयानं मोठा, बोलायला कमी. राणी खाली उतरून स्टँडच्या संडासाकडं गेली की हा गाडीच्या चाकांभोवती फिरायला लागायचा. कंट्रोलरनं विचारलं तर "टायर बघतोय" म्हणायचा. ती परतली की एक शब्द न विचारता गाडी सुरू करायचा. असं कित्येक महिने चाललं.

गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. आतडं सुजलंय, गाठी आहेत, वजन उतरलंय, म्हणजे टीबी असणार, असं ठरलं आणि गोळ्या सुरू झाल्या. शेजारची एक बाई ताक मागायला यायची, ती यायची बंद झाली. रंगुबाईच्या हे लक्षात आलं. त्या दिवशी जेवताना तिनं राणीच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि दारात बसून, रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी खाल्ली.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. मध्ये थोडं बरं वाटलं, पुन्हा येरे माझ्या मागल्या. खाकीचा कमरपट्टा एकेक भोक आत जात राहिला. शेवटी तासगाव स्टँडवर तिकीट देता देता राणी एका प्रवाशाच्या अंगावर कोसळली. रक्त इतकं कमी झालेलं की डोळ्यांपुढं नुसतं पांढरं. अश्फाकनं गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिली, इंद्रजितला फोन लावला आणि तो येईपर्यंत तिच्याजवळ बाकावर बसून राहिला.

"ताई, आता आटपाडीत दाखवणं बास. मिरजंला चला," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून राणीनं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मिरजेत पोटाच्या डॉक्टर शिवांजली मोहिते यांनी तिला दाखल करून घेतलं, रक्त दिलं, मग तोंडातून एकदा आणि खालून एकदा दुर्बीण घालून बघितलं. दोन्हीकडं काही सापडलं नाही.

"वरचं बघितलं, खालचं बघितलं. मधलं राहिलंय," डॉक्टर म्हणाल्या.

"मधलं म्हंजी किती?" इंद्रजितनं विचारलं.

"लहान आतडं. वीसेक फूट तरी."

इंद्रजित बायकोकडं बघत राहिला. तिच्या एवढ्याशा पोटात वीस फूट काही असेल, हे त्याच्या मनातच येईना.

मग डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक नमुन्याची गोळी काढून राणीच्या तळहातावर ठेवली. मोठ्या औषधी कॅप्सूलएवढी, एका टोकाला काच. आत कॅमेरा, दिवा आणि बॅटरी. गिळली की आतड्यातून पुढं सरकत जाते, सेकंदासेकंदाला फोटो काढते, कमरेला बांधलेल्या यंत्रात ते उमटतात, आणि एक-दोन दिवसांत संडासावाटे आपोआप बाहेर पडते. भूल नाही, टोचणं नाही.

"पण एक धोका आहे, तो आधीच सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "मला तुम्हाला टीबी वाटत नाही. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार असतो, तो वाटतोय. आपलंच शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, जखमा करतं, आणि जुन्या झाल्या की त्या जागी आतडं आकसतं. अशा अरुंद जागेत ही गोळी अडकू शकते. आपण सीटी केलंय, त्यात कुठं बंद झालेलं दिसत नाही. तरी शंभरात दोघा-चौघांची अडकते."

"मग कशाला गिळायची?" इंद्रजित म्हणाला. "आडाकली तर?"

"कधी औषधानं सूज उतरली की सुटते. कधी ऑपरेशन करून काढावी लागते. पण न बघता औषध द्यायचं म्हणजे पुन्हा अंदाज. एकदा अंदाजानं काय झालं ते तुम्ही भोगलंयत."

राणीनं तळहातावरची गोळी उलटसुलट करून बघितली. मग तिनं विचारलं, "हिच्यात समदं दिसंल?"

"जिथवर जाईल तिथवरचं दिसेल."

"मग द्या."

ठरलेल्या सकाळी ती उपाशीपोटी आली. पोटाला चकत्या चिकटवल्या, कमरेला पट्टा बांधला. डब्यातून काढल्या काढल्या गोळी लुकलुकायला लागली. राणीनं ती क्षणभर हातात धरली; प्रकाश बोटांच्या फटींतून बाहेर येत होता. मग घोटभर पाण्याबरोबर गिळून टाकली. गिळताना काहीच वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. दिवसभर ती दवाखान्याच्या आवारात चकरा मारत राहिली आणि दर थोड्या वेळानं पट्ट्याकडं बघत राहिली. संध्याकाळी पट्टा काढून घेतला. मदतनीस बाई म्हणाल्या, "गोळी पडलेली बघा. दोन आठवड्यांत दिसली नाही तर एक्स-रेला या." मागं आणखी तिघे पेशंट उभे होते. राणीनं मान हलवली.

फिल्म दाखवायला डॉक्टरांनी तिला बोलावलं तेव्हा स्क्रीन तिच्याकडं वळवला. सुरुवातीला ओलं, गुलाबी, मखमलीसारखं काहीतरी लाटांनी हलत होतं. राणीला ते देखणं वाटलं. मग मखमलीवर एक पांढरट खड्डा आला. मग दुसरा. मग तर उकरून काढल्यासारखी लांबच लांब चर, कडेला लाल, मधूनच रक्ताचा एक थेंब तरंगत गेला.

"हे माजं हाय?" राणीनं विचारलं.

"तुमचंच."

तिनं खुर्चीच्या हाताला धरलं. इतके दिवस लोक म्हणत आले होते, पित्त असेल, टेन्शन असेल, नोकरी झेपत नसेल. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन जागताना तिलाही वाटायचं की आपणच दुखण्याचा बाऊ करतो. आणि हे इथं, दिव्याच्या उजेडात, उघडंनागडं.

"म्हंजी टीबी नव्हता?"

"नव्हता. क्रोन्स आहे."

इतके महिने घेतलेल्या त्या टीबीच्या गोळ्या, त्यांनी होणारी लाल लघवी, उलट्या, ताक न्यायची बंद झालेली शेजारीण, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. ती रडली नाही. इंद्रजितला म्हणाली, "मला पानी द्या," आणि ग्लास तसाच हातात धरून बसली.

नवं औषध लागू पडलं. तोंडावर थोडी सूज आली, पण कळा थांबल्या. महिन्याभरात भाकरी पचायला लागली, कमरपट्टा परत बाहेर आला. तपासणीला गेली की डॉक्टर वजन बघून खूश व्हायच्या, ती "लय बरं हाय" म्हणायची आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन यायची. कॅमेऱ्याची गोळी पडलेली मात्र तिनं बघितली नव्हती. बघणार कुठं? सकाळ डेपोत, दुपार सांगलीच्या स्टँडवर, तिथल्या अंधाऱ्या संडासात दाराला कडी नाही म्हणून एक हात दाराला. पडली असेल, असं तिनं धरून टाकलं. पुढं पुढं ती गोष्ट आठवेनाशीच झाली.

त्या वर्षी तिला आणि अश्फाकला मायणी-वडूजवरून साताऱ्याची फेरी मिळाली. एका सकाळी पुसेगावच्या पुढं एक मोटारसायकल आडव्या रस्त्यानं थेट गाडीपुढं आली. अश्फाकनं ब्रेक मारला. मोटारसायकलवाला वाचला, पण उभी राहून तिकिटं देणारी राणी मागं फेकली गेली आणि सीटच्या लोखंडी कडेवर पाठ आपटली. साताऱ्यात पोचेपर्यंत डावा पाय बधिर झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय वरखाली करून बघितला आणि मणक्याचा एमआरआय काढायला पाठवलं. अश्फाकनं गाडी जमा केली आणि तोही रिक्षातून बरोबर आला.

एमआरआयच्या खोलीबाहेर सृष्टी नावाची एक तरुण टेक्निशियन बसली होती. तिनं राणीला गाऊन दिला. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं, सगळं काढून राणीनं अश्फाकच्या रुमालात ठेवलं. तो रुमाल त्यानं दोन्ही हातांत धरला, जसं काही तो गरम होता.

"छातीत मशीन बसवलंय?" सृष्टीनं विचारलं.

"न्हाई."

"हाडात रॉड, प्लेट, स्क्रू?"

"न्हाई."

"आधी काही ऑपरेशन?"

"न्हाई ओ." पाठ ठणकत होती, तरी राणीला थोडं हसू आलं. "मशीन न्हाई, पर मागं एक कॅमेरा तेवढा गिळलाता."

सृष्टीचा लिहिता हात थांबला. तिनं मान वर केली. "कॅप्सूल? कधी?"

"लय दिस झालं. चार-पाच म्हैनं."

"बाहेर पडलेली तुम्ही बघितली का?"

"बघितली न्हाई. पडली असंल की. एवढ्या दिवस आत कशाला ऱ्हाईल?"

"त्यानंतर पोटाचा एक्स-रे काढला होता का?"

राणीनं नाही म्हणून मान हलवली. सृष्टी उठली आणि तिनं आतल्या खोलीचं दार आधी ओढून घेतलं, मग म्हणाली, "ताई, त्या मशीनमध्ये मोठं लोहचुंबक आहे, ते कायम चालू असतं. गोळीत धातू असतो, बॅटरी असते. ती आत असली आणि तुम्हाला मी तिथं झोपवलं, तर ती आतल्या आत ओढली जाईल. आतडं फाटू शकतं. आधी शेजारी साधा एक्स-रे काढू."

"येवढं काय नसंल," राणी म्हणाली. पण ती सृष्टीबरोबर गेली.

एक्स-रे लगेच स्क्रीनवर आला. पाठीचा कणा, बरगड्यांची टोकं, कमरेचं हाड, सगळं धुरकट पांढरं. आणि उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा वर, एक लांबट गोल. आत दोन चकत्या, तारेचं वेटोळं. बाकी सगळ्यापेक्षा लख्ख. इतकं रेखीव, की कुणी वरून ठेवल्यासारखं.

राणीला वाटलं, गाऊनवर काहीतरी राहिलंय. तिनं हात पोटावरून झटकला. गाऊनवर काही नव्हतं. तिनं पुन्हा झटकला. मग सृष्टीनं तिचा हात धरला.

"आत आहे, ताई."

अश्फाक दारात उभा होता. त्याच्या हातातला रुमाल सुटला आणि जोडवी फरशीवर खणखणत गेली. ती गोळा करायला तो खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

राणीला दुखत तर काहीच नव्हतं, आणि त्यामुळंच ती जास्त घाबरली. ती जेवली होती, हसली होती, भावाच्या लग्नात नाचली होती, गाडीतून रोज हिसके खात फिरली होती, आणि तो डोळा आत तसाच पडून होता. आणखी एका मिनिटानं ती त्या मशीनमध्ये आडवी झाली असती. ती हसण्यावारी बोलली म्हणून वाचली. बोलली नसती तर?

तिनं बाहेरच्या बाकावरून डॉक्टर शिवांजलींना फोन लावला. सगळं ऐकल्यावर पलीकडून पहिला प्रश्न आला, "एमआरआय झाला का?"

"न्हाई. आदीच थांबवलं."

डॉक्टर म्हणाल्या, "उद्याच्या उद्या या. राणी, मी विचारायला हवं होतं. एकदाही विचारलं नाही."

पाठीचं सीटी काढून झालं. मुका मार होता, मणका शाबूत निघाला. दुपारी अश्फाकनं तिला घरी आणलं. रंगुबाईला सांगायचं कसं, हे इंद्रजितला कळेना. शेवटी राणीनंच सांगितलं. रंगुबाईनं सुनेजवळ बसून पोटावर उजव्या बाजूला बोटं ठेवली, जशी ती गाभण मेंढीच्या पोटावर ठेवायची, आणि हळूहळू दाबून बघितलं.

"काय लागत न्हाई," ती म्हणाली. "आन तरी आत हाय म्हन्त्यात?"

"फोटूत दिसली, आत्ती."

"अजून फोटू काढती व्हय गं ती?"

"न्हाई. मेलीया ती कवाच."

रंगुबाईनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

मिरजेत डॉक्टरांनी जुनी फिल्म पुन्हा लावली होती. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "ही फिल्म मोठ्या आतड्यापर्यंत पोचायच्या आधीच संपलीय," त्या म्हणाल्या. "बॅटरी संपली असेल असं मी धरलं. तेव्हाच एक्स-रे काढायला हवा होता. तुम्ही बरं वाटतंय म्हणालात आणि मी पुढच्या पेशंटकडं वळले."

"तुमी वळला, मॅडम," इंद्रजित म्हणाला, "पर आमी माणूस घिऊन घरी गेलो, काय घिऊन गेलो ते आमाला म्हाईत नव्हतं." त्याचा आवाज चढला नव्हता.

"मलाबी सांगितलंतं, दिसली न्हाई तर या म्हणून," राणी म्हणाली. "मी न्हाई आली. ते ऱ्हाऊ द्या. आता काय करायचं ते बोला. फुटली तर?"

"कवच पक्कं असतं, सहसा फुटत नाही. भीती ती नाही. जिथं अडकलीय ती जागा आणखी सुजली तर आतडं बंद पडेल."

औषध वाढवून बघितलं, सूज उतरली तर गोळी सुटेल या आशेवर. पुण्याला नेऊन लांबलचक दुर्बीण घालून बघितली; ती तिथवर पोचली नाही. दरम्यान राणी बिनपगारी रजेवर घरात होती. ती वाकताना जपायची, कुशीवर वळताना जपायची, शिंक आली तरी पोट धरायची. नवा एक्स-रे काढला की गोळी त्याच जागी. ऑपरेशनची तारीख ठरायची होती.

तारखेची वेळच आली नाही. एका दुपारी तिनं भाकरीचा तुकडा आमटीत कुस्करून खाल्ला आणि थोड्या वेळात पोट तट्ट फुगलं. उलट्या सुरू झाल्या, त्या हिरव्या. रंगुबाई बांधावर पळत गेली. "इंद्रा, गाडी काढ. पोरीचं पोट नगाऱ्यावानी झालंय." शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून तिला मिरजेला नेलं. वाटेत दर खड्ड्याला राणी दात दाबायची आणि रंगुबाई तिचं डोकं मांडीवर घट्ट धरून ठेवायची. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. डॉक्टर शिवांजली स्वतः खाली येऊन थांबल्या होत्या.

ऑपरेशन झाल्यावर सर्जननी इंद्रजितला आत बोलावलं. स्टीलच्या भांड्यात आतड्याचा वीतभर तुकडा होता आणि बाजूला ती गोळी. काच धुरकट झालेली, बाकी जशीच्या तशी. इंद्रजितनं भांड्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, परत भांड्याकडं बघितलं. जी जागा आकसली होती तिथून करंगळीसुद्धा गेली नसती.

"आणि हे बघा," डॉक्टर शिवांजली म्हणाल्या. "हिच्या पुढं चार बोटांवर दुसरी अशीच जागा. ही सीटीत दिसली नव्हती, फिल्ममध्ये दिसायचा प्रश्नच नव्हता. आज ना उद्या हे आतडं बंद पडणारच होतं. कधी, कुठं, ते सांगता आलं नसतं. गोळीनं आजार दाखवला नसता तर पुन्हा टीबीच्याच गोळ्या सुरू झाल्या असत्या."

"म्हंजी गोळीनं वाचवलं म्हनायचं, का गोळीनं मारत आनलंतं म्हनायचं?"

डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही."

इंद्रजितला या उत्तराचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तो बाहेर येऊन आईशेजारी जमिनीवर बसला.

राणी सावरली. आधी डेपोत चौकशीच्या खिडकीवर हलकी ड्युटी मिळाली. माईकवरून गाड्यांची नावं पुकारायची. खिडकीत बसून तिला गुदमरायला व्हायचं. पुढं परत गाडीवर गेली. पोटावर उभा व्रण राहिला आणि डबा खाताना घास जास्त चावायची सवय लागली.

दोनेक वर्षं बरी गेली. मग रक्ताच्या तपासणीत सूज दिसायला लागली आणि हिमोग्लोबिन पुन्हा घसरलं. डॉक्टर शिवांजलींनी तिला समोर बसवलं आणि आडवळणं न घेता सांगितलं की आजार परत डोकं काढतोय, तो कुठं आणि किती, ते बघायला हवं, आणि दुर्बीण तिथं पोचत नाही.

राणीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "परत गिळायची?"

"परत. पण यावेळी आधी स्कॅन, आणि त्यानंतर एक नकली गोळी. तेवढ्याच आकाराची, आत कॅमेरा नाही. अडकली तर आपोआप विरघळून जाते. ती अखंड बाहेर पडली, तरच खरी देणार. नाहीतर विषय संपला."

बरोबर आलेली रंगुबाई उठून उभी राहिली. "चल गं, राणे. ह्यांनी एकदा इसरलं, तेवढं बास झालं."

राणी उठली नाही. तिच्या डोळ्यांपुढं तो लख्ख लांबट गोल आला. पण त्याच्या मागोमाग त्या लांबच लांब चरी आल्या, आणि कुणाला काही कळत नव्हतं ते महिने आले. तिनं सासूचा हात धरून तिला खाली बसवलं.

"मॅडम, एक सांगते," ती म्हणाली. "यावेळी मी फोन करणार न्हाई. तुमी करायचा. रोज. ती पडंपातूर."

"करते," डॉक्टर म्हणाल्या.

नकली गोळी अखंड बाहेर पडली. त्यानंतर खरी. राणीनं रजा टाकली होती. घरात एक जुनं टमरेल आणि चाळणी वेगळी काढून ठेवली होती, त्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी सकाळी राणी परसदारातून ओरडली नाही, नुसती आत येऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "आली." रंगुबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि भाकरी थापायची थांबवून तिच्या गालावरून पिठाचा हात फिरवला. तरीही डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. पोट मोकळं होतं.

फिल्म यावेळी शेवटपर्यंत गेली होती. जोडलेल्या जागेच्या वर नव्या, लहान जखमा होत्या. आकसलेलं कुठं काही नव्हतं. वेळेत सापडल्या. गोळ्या बदलून इंजेक्शन सुरू झालं, ठरावीक आठवड्यांनी मिरजेला जाऊन घ्यायचं.

आजार गेलेला नाही, जाणारही नाही, हे राणीला माहीत आहे. मधूनच एखादा दिवस वाईट जातो. त्या दिवशी अश्फाक विट्याला उतरून टायर बघतो. रंगुबाईला मात्र त्या गोळीचं अजून पटलेलं नाही. "परत गिळायची म्हनलीस तर मी मिरजंला यायची न्हाई," असं ती सुनेला बजावते. पण इंजेक्शनच्या दिवशी डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून सगळ्यांच्या आधी दारात तीच उभी असते.